विश्लेषण : संगणकाने घडवलेली विज्ञानकथा किती खरी दिसावी?

नायिकेच्या डोक्यावर सुमारे ६० हजार केस. वारा आला की प्रत्येक केस वेगळा हलतो. त्वचेवर तीळ, कपाळावर बारीक रेषा. आणि तरीही प्रेक्षक म्हणतो, ‘ही बाई खरी वाटत नाही.’ दुसऱ्या एका चित्रपटात नायक म्हणजे कचरा दाबणारा गंजका डबा. त्याला नाक नाही, तोंड नाही, धड बोलताही येत नाही. पण त्याच्या एकटेपणाने थिएटरमधल्या लोकांचे डोळे भरून येतात.

पहिला चित्रपट २००१ चा ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’, दुसरा २००८ चा ‘वॉल-ई’. दोन्ही जवळजवळ पूर्णपणे संगणकावर घडवलेल्या विज्ञानकथा. दोघांच्या नशिबातला फरक समजून घेतला, तर पडद्यावरचे ‘वास्तव’ नेमके कशात असते, हे कळते. आज हा प्रश्न चित्रपटप्रेमींपुरता राहिलेला नाही. भंडारा जिल्ह्यात जंगलालगतच्या गावात राहणाऱ्या आणि मोबाइलवर वाघाचा व्हिडिओ पाहून दार लावून घेणाऱ्या माणसापर्यंत तो येऊन पोहोचला आहे.

‘फायनल फँटसी’चे काय चुकले?

जपानच्या ‘स्क्वेअर’ या व्हिडिओ गेम कंपनीने हा चित्रपट होनोलुलूत स्टुडिओ थाटून बनवला. दिग्दर्शक होते हिरोनोबू साकागुची. कथा २०६५ सालची, उद्ध्वस्त झालेल्या पृथ्वीवरची. हुबेहूब माणसासारखी दिसणारी पात्रे संगणकावर उभी करायची आणि हाडामांसाच्या नटांशिवाय गंभीर चित्रपट करायचा, ही जिद्द होती. खर्च झाला सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर. जगभरातून तिकीटबारीवर परत आले सुमारे साडेआठ कोटी. पुढे तो चित्रपट स्टुडिओ बंद पडला.

तंत्राची बाजू त्या काळाच्या मानाने थक्क करणारी होती. पण केस आणि तीळ यांत प्राण ओतताना डोळे मागे राहिले. पात्रे बोलत, पण ओठ आणि नजर यांचा मेळ बसत नसे. दुःखाच्या प्रसंगात चेहरा दुःखी ‘ठेवलेला’ वाटे, तो होत नसे. माणूस जन्मल्यापासून माणसांचे चेहरे वाचत असतो. आई रागावली आहे की नुसती दमली आहे, हे लहान पोरालाही कळते. या एका विषयात प्रत्येक प्रेक्षक तज्ज्ञ असतो, आणि संगणकाची परीक्षा नेमकी इथेच होते.

‘विचित्रतेची दरी’ म्हणजे काय?

जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एका लेखात हे कोडे मांडले होते. यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की तो आपल्याला अधिकाधिक आवडू लागतो. पण तो ‘जवळजवळ’ माणसासारखा झाला की आवड एकदम कोसळते आणि अंगावर काटा येतो. आलेखात इथे खोल खड्डा पडतो. त्यालाच पुढे जगभर ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणू लागले. आपण विचित्रतेची दरी म्हणू.

ही दरी का पडते? एक साधा प्रयोग करा. मोबाइलचा टॉर्च सुरू करून त्यावर बोट दाबून धरा. बोट लालसर उजळेल. त्वचा प्रकाश नुसता परत फेकत नाही. काही प्रकाश आत शिरतो, रक्तमांसात भटकतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. संगणकाने हा हिशेब सोडला, तर चेहरा प्लास्टिकच्या बाहुलीसारखा दिसतो. पुढच्या काही वर्षांत हा हिशेब जमू लागला. २००२ च्या ‘द टू टॉवर्स’मधला गोलम हे त्याचे गाजलेले उदाहरण.

त्वचा जमली तरी दरी पूर्ण बुजली नाही. म्हणून शहाण्या दिग्दर्शकांनी तिला वळसा घातला. ‘अवतार’मध्ये जेम्स कॅमेरॉन यांनी नटांच्या चेहऱ्याची प्रत्येक हालचाल डोक्यावर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्याने टिपली, पण ती चढवली निळ्या, मोठ्या डोळ्यांच्या परग्रहवासीयांवर. खरा निळा माणूस आपण कधी पाहिलेला नाही, त्यामुळे तुलना करायला आपल्याकडे नमुनाच नसतो. ‘वॉल-ई’ने तर चेहराच टाळला. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांना त्याच्या डोळ्यांची कल्पना दुर्बिणीवरून सुचली. दोन नळ्या थोड्या वाकल्या की दुःख, ताठ झाल्या की आश्चर्य. उरलेला चेहरा प्रेक्षक आपल्या मनातून भरतो.

हे दंडारीला आधीच ठाऊक आहे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला ही गोष्ट नवी वाटू नये. दिवाळीनंतर मंडई भरते आणि गावोगाव रात्रभर दंडार आणि नाटके चालतात. दंडारीत बाईचे काम पुरुष करतो, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते. अनेकांना तो पुरुष कोणाच्या घरचा, हेही माहीत असते. तरीही प्रसंग रंगला की बाया पदराने डोळे पुसतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि या लोककलांवर आयुष्यभर काम केले. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची ओळख राज्यभर पोहोचली.

दंडारीचा प्रेक्षक नटाकडून हुबेहूब बाई मागत नाही. तो मागतो बोलण्यातला खरेपणा. सासरी जाणाऱ्या लेकीचा सूर चुकला, तर त्याला लगेच खटकते. लुगडे कसे नेसले आहे, याकडे तो काणाडोळा करतो. गंमत म्हणजे मोरींनीही आपल्या आलेखात जपानच्या ‘बुनराकू’ या बाहुल्यांच्या नाट्याचे उदाहरण दिले होते. जवळून पाहिले तर ती बाहुलीच. पण खेळात रमलेल्या प्रेक्षकाला ती माणसासारखी जवळची वाटते, म्हणून तिला त्यांनी दरीच्या पलीकडच्या उंच काठावर जागा दिली.

प्रेक्षक आणि कलावंत यांच्यात एक करार असतो. ‘तू हे मान, मी ते खरे करून दाखवतो.’ संगणकपटही याच करारावर चालतो. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ने पडद्यावर छापील कॉमिकसारखे ठिपके ठेवले आणि नव्या, धडपडणाऱ्या नायकाची हालचाल मुद्दाम थोडी अडखळती केली. तो सरावला की हालचाल सफाईदार होते. वास्तवापासून दूर जाऊनही तो मुलगा खरा वाटतो, आणि त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले.

मग विज्ञान तरी किती खरे हवे?

विज्ञानकथेत दिसण्याइतकाच नियमांचा प्रश्न येतो. ‘वॉल-ई’मध्ये नायक अंतराळात अग्निशामक नळकांडे हातात धरून फिरतो. फवारा एका दिशेला, शरीर दुसऱ्या दिशेला. न्यूटनचा तिसरा नियम शाळेतल्या फळ्यापेक्षा तिथे लवकर समजतो. उलट, कितीतरी अंतराळयुद्धांत स्फोटांचे गडगडाट ऐकू येतात. निर्वात पोकळीत आवाज जात नाही, हे आठवीच्या मुलाला माहीत असते. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ने ही शांतता पाळली होती आणि तीच जास्त भीतिदायक ठरली.

विज्ञान आणि दृश्य यांच्या ओढाताणीचे सर्वांत बोलके उदाहरण ‘इंटरस्टेलर’मधले (२०१४) कृष्णविवर. तो चित्रपट हाडामांसाच्या नटांचा. पण हे कृष्णविवर संगणकाने काढलेले आहे, तेही भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी दिलेल्या समीकरणांवरून. काही चौकटी तयार व्हायला १०० तासांपर्यंत वेळ लागला. त्या कामावर पुढे शोधनिबंधही छापला गेला. पण पूर्ण हिशेब केला तर कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तेजस्वी चकतीची एक बाजू खूप उजळ आणि दुसरी जवळजवळ काळी दिसायला हवी होती. ते पाहून प्रेक्षक गोंधळेल, म्हणून हा परिणाम गाळण्यात आला. १० एप्रिल २०१९ ला शास्त्रज्ञांनी ‘एम ८७’ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा जाहीर केली. तिच्यातले कडे खरेच एका बाजूला जास्त उजळ आहे.

दिग्दर्शकाने काही गाळले, यात गैर काही नाही. काय गाळले हे त्याला माहीत होते आणि त्या चमूने ते उघड लिहूनही ठेवले. माझ्या मते विज्ञानपटाचा प्रामाणिकपणा इथे मोजावा.

मराठी वाचकाला कृष्णविवराची ओळख पडद्याच्या कितीतरी आधी झाली होती. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. एकही चित्र नव्हते. नियम पक्के होते आणि माणसे ओळखीची होती. २० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्यांच्या कथांवर मोठ्या ताकदीचा मराठी ॲनिमेशनपट अजून झालेला नाही, ही खंत आपण मनात ठेवायला हवी.

पाण्याचा खरेपणा

ॲनिमेशनमध्ये पाणी दाखवणे महाकठीण मानतात. लाटांचा, फेसाचा, प्रतिबिंबांचा हिशेब प्रचंड असतो. पण २०२५ मध्ये ऑस्कर जिंकलेल्या लातव्हियाच्या ‘फ्लो’ या चित्रपटाने वेगळा रस्ता दाखवला. माणसे नाहीशी झालेली पृथ्वी, सगळीकडे चढत जाणारा पूर, आणि नावेत अडकलेली एक मांजर. ही काटेकोर विज्ञानकथा नाही, पण तिची सख्खी शेजारीण नक्कीच आहे. चित्रपट बनला ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. खर्च सुमारे ३५ लाख युरो, म्हणजे ‘फायनल फँटसी’च्या तुलनेत अगदी किरकोळ.

मांजरीचे केस त्यात सुटे दिसत नाहीत, रंगाच्या फटकाऱ्यांसारखे दिसतात. पण पाणी कसे वागते, ते बरोबर आहे. पहिल्या लोंढ्यानंतर ते हळूहळू, पायरी पायरीने वर येते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, तेव्हा ज्यांनी घरातले सामान आधी खाटेवर, मग माळ्यावर, मग गच्चीवर नेले, त्यांना पुराचे हे रूप सांगावे लागणार नाही. केसांची संख्या पैसे ओतून वाढवता येते. पाणी कसे चढते, हे मात्र ज्याने पाहिले त्यालाच सांगता येते. त्या अर्थाने भंडाऱ्याच्या एखाद्या मुलाकडे होनोलुलूच्या स्टुडिओपेक्षा जास्त भांडवल आहे.

वास्तवाची दुसरी मर्यादा : परिणाम

आतापर्यंत दिसण्याची गोष्ट झाली. पण संगणकपटातल्या वास्तवाची एक मर्यादा तंत्राच्या पलीकडची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते.

स्फोट ही विज्ञानपटाची आवडती गोष्ट. आज संगणक आग, धूर, उडणारे सिमेंटचे तुकडे यांचा हिशेब इतका चोख करतो की खरे-खोटे वेगळे काढणे अवघड. शहरे कोसळतात, अंतराळस्थानके फुटतात, दहा सेकंदांत दृश्य बदलते आणि नायक पुढे जातो.

२४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले. किमान ८ जणांचा जीव गेला. आवाज दूरपर्यंत गेला. ज्या गावांनी तो ऐकला, त्यांच्यासाठी ते दृश्य दहा सेकंदांत बदलले नाही. फाटकाबाहेर ताटकळणारे नातेवाईक, ढिगारा उपसण्याचे तास, नंतरची चौकशी आणि घरातली रिकामी जागा, हा त्या स्फोटाचा मोठा भाग होता. आगीची ज्वाळा हा त्याचा सर्वांत छोटा भाग.

चित्रपटाने प्रत्येक स्फोटानंतर शोकसभा दाखवावी, असे कोणी म्हणणार नाही. पण स्फोट ‘किती खरा दिसतो’ याचे कौतुक करताना ‘त्याने कोणाचे काय झाले’ हा प्रश्न जर चित्रपट कधीच विचारत नसेल, तर ते वास्तव अर्धे आहे. ‘वॉल-ई’ इथेही वेगळा ठरतो. त्यातली पृथ्वी एकाएकी उद्ध्वस्त झालेली नाही. माणसांनी वस्तू विकत घेतल्या, फेकल्या, आणि ढिगारे वाढत गेले. परिणाम आधी दिसतो, कारण हळूहळू उलगडते. ते पाहून घराबाहेरची कचरापेटी आठवते.

तिसरी मर्यादा : सगळेच खरे दिसू लागल्यावर

२००१ मध्ये एका चेहऱ्यासाठी शेकडो संगणक राबत होते. आज मोबाइलवर दोन ओळी टाइप केल्या की कृत्रिम बुद्धिमत्ता वाघ काढून देते. चित्रपटगृहात शिरताना प्रेक्षक तिकीट काढतो आणि करार मान्य करतो. व्हॉट्सॲपवर असा करार नसतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीचा म्हणून एक व्हिडिओ फिरला. वनविश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो, असे सीसीटीव्हीसारखे दृश्य. तो व्हिडिओ बनावट असल्याचे वन विभागाला जाहीर करावे लागले. बनवणाऱ्याने अस्पष्ट चित्र आणि कोपऱ्यातली तारीख-वेळ वापरली होती, हे लक्षात घ्या. विचित्रतेची दरी त्याने चकचकीत चित्राने ओलांडली नाही. चित्र मुद्दाम खराब करून त्याने दोष झाकले.

भंडारा जिल्ह्याला कोका अभयारण्य, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प लागून आहेत. इथे वाघ ही कल्पना नाही. धान कापायला, मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचायला जाणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. खोटा व्हिडिओ दोन प्रकारे घात करतो. आज तो विनाकारण घबराट पसरवतो. उद्या खरा इशारा आला की लोक म्हणतात, ‘हेही एआयचेच असेल.’ दुसरा धोका जास्त मोठा आहे, कारण तो शांतपणे येतो.

मग करायचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग उद्योगासाठी नवे धोरण मंजूर केले. त्यासाठी दीर्घकालीन तरतूद ३,२६८ कोटी रुपयांची आहे. त्याच वर्षी मुंबईत या विषयाची राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली. पैसा येणार, अभ्यासक्रम येणार, हे चांगलेच. पण हा पैसा फक्त मोठ्या शहरांतल्या महागड्या यंत्रांवर आणि परदेशी चित्रपटांच्या कंत्राटी कामावर संपला, तर आपली मुले दुसऱ्यांच्या पात्रांचे केस मोजत बसतील.

यावर तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, जिल्ह्याच्या ठिकाणी ‘ब्लेंडर’सारख्या मोफत साधनांची शिबिरे व्हावीत, आणि त्यांत तंत्रज्ञाइतकेच झाडीपट्टीचे नाटककार आणि दंडारीचे कलावंत शिकवायला असावेत. हालचालीत भाव कसा आणायचा, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

दुसरी, मराठी विज्ञानकथेचा साठा पडद्यावर यावा, छोट्या लांबीचा, साध्या चित्रांचा. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘महावतार नरसिंह’ने दाखवून दिले की भारतीय प्रेक्षक ॲनिमेशनपटाला गर्दी करतो. ती पौराणिक कथा होती. आता विज्ञानकथेलाही हात घालायला हवा. झाडीबोलीत बोलणारा यंत्रमानव कोणाला हसू आणणार नाही?

तिसरी, शाळांमध्ये ‘दृश्य कसे बनते’ हे शिकवावे. पात्र कसे हलवतात, सावली कशी पडते, पाऊल जमिनीवर टेकताना वजन कसे दिसते, हे ज्या मुलाने स्वतः एकदा करून पाहिले, त्याला बनावट वाघाचे पाऊल लगेच खटकेल. बनवायला शिकणे हाच फसवणुकीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पाहताना विचारायचे तीन प्रश्न

• हे दृश्य मला ‘ही गोष्ट आहे’ असे सांगून दाखवले जात आहे का, की ‘हे घडले’ असे सांगून? गोष्ट असेल तर निवांत रमा. घडले म्हणत असतील तर कुठे, कधी, कोणी टिपले, हे विचारा.

• इथले नियम शेवटपर्यंत तेच राहतात का? चांगल्या विज्ञानकथेत राहतात. बनावट व्हिडिओत सावली, वजन किंवा बोटे अनेकदा कुठेतरी दगा देतात, पण नेहमीच नाही.

• याचा परिणाम कोणावर झाला, हे दिसते का? चित्रपटात तो दिसला तर चित्रपट मोठा. बातमी म्हणून आलेल्या व्हिडिओत तो माणूस, ते गाव, तो पंचनामा कुठेच सापडत नसेल, तर पुढे पाठवू नका. आधी वन विभागाला किंवा पोलीस ठाण्याला विचारा.

संगणक उद्या याहून हुबेहूब चेहरे काढेल, यात शंका नाही. दरी बुजेलही. तेव्हा ‘किती खरे दिसते’ या प्रश्नाला काही किंमत उरणार नाही, कारण सगळेच खरे दिसेल. उरेल तो जुनाच प्रश्न, जो मंडईत रात्रभर बसणारा प्रेक्षक कधीपासून विचारत आला आहे : हा सांगतो ते मनाला पटते का, आणि हा मला फसवतो आहे की माझ्याशी खेळतो आहे? तो ओळखायची सवय आपल्या मुलांना आत्ताच लावायला हवी.